तोंडपाठ यादी : वैमानिकांच्या आठवणीचे शास्त्र

इंद्रधनुष्याचे रंग क्रमाने सांगा म्हटले की मराठी शाळेत शिकलेला कोणताही माणूस ‘तानापिहिनिपाजा’ म्हणतो आणि मग बोटांवर तांबडा, नारिंगी, पिवळा असे मोजू लागतो. गणितातल्या क्रियांचा क्रम विचारला तर ‘कंचेभागुबेव’ आठवते. वृत्तांचे गण शिकलेल्यांना ‘यमाताराजभानसलगा’ अजूनही झोपेत म्हणता येते. या शब्दांना स्वतःचा असा काही अर्थ नाही. तरीही पन्नास वर्षांपूर्वी पाठ केलेली कविता विसरते आणि हे निरर्थक शब्द राहतात. असे का होते, आणि अशाच शब्दांवर माणसाचा जीव अवलंबून असेल तर काय होते, हा या लेखाचा विषय.

विषय माझ्याकडे आला तो एका मुलाच्या प्रश्नामुळे. आमच्या जोतिबाच्या डोंगरावर माझे मोटार वाइंडिंगचे लहानसे दुकान आहे. डोंगराखालच्या एका वाडीतला, खडकवासल्याच्या एनडीएची तयारी करणारा मुलगा पाण्याची मोटार घेऊन आला होता. त्याच्या पिशवीत कोल्हापुरात रस्त्यावर घेतलेले विमानशिक्षणाचे एक जुने पुस्तक होते. त्यात पानोपानी ‘हॅसेल’, ‘बंफ’ असले शब्द. त्याने विचारले, “काका, आमचे सर म्हणतात पाठांतर करू नका, समजून घ्या. आणि इथं तर पायलटच पाठांतर करतोय. मग खरं काय ओ?”

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. माझे शिक्षण बेताचे. पण प्रश्न डोक्यात बसला की तो सोडवल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यानंतरची दोन वर्षे मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

यादी कुठून आली?

सुरुवातीच्या विमानात यादीची गरजच नव्हती. इंजिन एक, दांडा एक, पायाखाली रडर आणि समोर दोन-चार घड्याळे. पहिल्या महायुद्धात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले आणि २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान चालवत असताना जून १९१८च्या अखेरीस त्यांना वीरमरण आले. त्यांच्या पिढीतले वैमानिक बरेचसे अंगवळणी पडलेल्या सवयीवर उडत. मात्र त्याच सुमारास, १९१७ मध्ये, इंग्लंडमधल्या गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने शिकवण्याची पद्धत बदलली. शिक्षक आणि शिकाऊ वैमानिक एकाच विमानात, मध्ये बोलण्यासाठी एक रबरी नळी, आणि प्रत्येक कृती होत असताना शिक्षकाने ठरावीक शब्दांत ती सांगायची. कृतीला शब्दांची जोड मिळाली ती इथे. पुढच्या सगळ्या तोंडपाठ याद्यांची मुळे या नळीत आहेत असे मला वाटते.

लेखी यादीचा जन्म मात्र अपघातातून झाला. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहराजवळ, राइट फील्डवर, बोइंग कंपनीच्या ‘मॉडेल २९९’ या नव्या चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाची चाचणी होती. चालवणारे मेजर प्लॉयर हिल अनुभवी चाचणी वैमानिक होते. विमान उठले, नाक वर करत गेले, हवेत थबकले आणि कोसळून पेटले. हिल यांचा मृत्यू झाला. बोइंगचे वैमानिक लेस टॉवर हेही पुढे त्या जखमांनी गेले. चौकशीत यंत्रात कोणताही बिघाड सापडला नाही. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने शेपटीचे पंखे हलू नयेत म्हणून एक अडणी लावलेली असते. ती उड्डाणापूर्वी काढायची राहून गेली होती.

‘एका माणसाने चालवण्याच्या पलीकडचे विमान’ अशी त्याची अपकीर्ती झाली. सैन्याने मोठी मागणी दुसऱ्या कंपनीला दिली, पण थोडी विमाने चाचणीसाठी घेतली. ती ज्यांच्या हाती आली त्या वैमानिकांपुढे प्रश्न होता की हिल यांच्यापेक्षा कुशल माणूस आणायचा कुठून? त्यांनी कौशल्य वाढवण्याच्या नादी न लागता कागदावर याद्या लिहिल्या. उड्डाणापूर्वी, उड्डाणात, उतरण्यापूर्वी, उतरल्यावर. प्रत्येक ओळ साधी, कोणालाही ठाऊक असलेली. हेच विमान पुढे ‘बी-१७’ म्हणून प्रसिद्ध झाले आणि बारा हजारांहून अधिक बनले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. अडणी काढायची असते हे हिल यांना माहीत नव्हते असे नाही. ज्ञान होते, ते त्या क्षणी हाताशी आले नाही.

कागद असताना पाठांतर कशाला?

हा प्रश्न त्या मुलानेही विचारला होता. मोठ्या विमानात दोघे असतात. एक यादी वाचतो, दुसरा पाहून उत्तर देतो. लढाऊ किंवा प्रशिक्षण विमानात एकटा वैमानिक असतो तेव्हा एक हात दांड्यावर, दुसरा थ्रॉटलवर, आणि डोळे बाहेर. उतरण्यासाठी धावपट्टीला समांतर उडताना खाली मान घालून कागद वाचत बसला तर समोरून येणारे विमान दिसणार नाही. म्हणून जे जमिनीवर करायचे ते कागदावरून, आणि जे हवेत, घाईत करायचे ते तोंडपाठ, अशी विभागणी झाली.

आता ‘बंफ’ घ्या. बी-यू-एम-पी-एफ-एफ या अक्षरांचा हा उच्चार. ब्रेक सुटलेले आहेत ना, नाहीतर चाके टेकताच विमान नाकावर जाईल. अंडरकॅरेज, म्हणजे चाके खाली आली आणि अडकली का? मिक्श्चर, म्हणजे इंजिनात जाणारे पेट्रोल-हवेचे मिश्रण दाट आहे का? पिच, म्हणजे पंख्याच्या पात्यांचा कोन बारीक केला का? ही दोन्ही कामे अशासाठी, की उतरणे रद्द करून पुन्हा वर जावे लागले तर इंजिनाने लगेच पूर्ण जोर द्यावा. मग फ्युएल, इंधन पुरेसे आणि योग्य टाकीतून येते आहे का? शेवटी फ्लॅप. प्रत्येक अक्षरामागे एक प्रकारचा अपघात आहे. असा अपघात कधी ना कधी कोणाचा तरी झाला म्हणून ते अक्षर यादीत आले.

‘हॅसेल’ ही यादी कसरतींपूर्वीची. हाइट, कसरत बिघडली तर सावरायला पुरेशी उंची आहे का? एअरफ्रेम, चाके आणि फ्लॅप आत आहेत का? सिक्युरिटी, पट्टे घट्ट आहेत का आणि कॉकपिटमध्ये काही सुटे पडलेले नाही ना? उलट्या विमानात साधा पेन्सिलीचा तुकडाही दांड्याच्या सांध्यात जाऊन बसू शकतो. इंजिन, तापमान आणि दाब ठीक आहेत का? लोकेशन, खाली वस्ती, विमानतळ, ढग नाहीत ना? आणि लुकआउट, वळून चारी बाजूंना आणि खाली पाहा. लोकेशनचा अर्थ आम्हा डोंगरावरच्या लोकांना वेगळा समजवावा लागत नाही. चैत्र पौर्णिमेला गुलालाने लाल झालेल्या आमच्या डोंगरावर लाखो माणसे असतात. त्या गर्दीवर कोणी कसरतीचा सराव करू नये, एवढेच ते अक्षर सांगते.

घाटगे यांचे विमान आणि नसलेले चाक

या कथेत कोल्हापूरचा एक धागा आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय वैमानिक बेगमपेट आणि जोधपूर इथल्या प्राथमिक शाळांत आणि मग अंबाल्यात शिकत. प्राथमिक विमान होते ब्रिटिश बनावटीचे टायगर मॉथ. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा घेतली ती बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात बनलेल्या ‘एचटी-२’ या विमानाने. त्याचे पहिले उड्डाण ऑगस्ट १९५१ मध्ये झाले. त्याचे रचनाकार डॉ. विष्णु माधव घाटगे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल या हवागतिशास्त्राच्या आचार्यांकडे त्यांनी डॉक्टरेट केली होती. भारतीय रचनेच्या या पहिल्या प्रशिक्षण विमानावर हवाई दलाच्या कित्येक तुकड्या उडायला शिकल्या.

एचटी-२ची चाके कायम खाली असत, आत जात नसत. त्याच्या पुढची पायरी असलेल्या हार्वर्ड विमानाची चाके मात्र आत जात. आता विचार करा. ज्याने पहिले काही महिने चाकांचा विचारच केला नाही, तो हार्वर्डवर गेल्यावर उतरताना चाके खाली घ्यायला विसरला तर नवल काय? म्हणून जगभरच्या प्रशिक्षणात एक रीत आहे. चाके पक्की बसवलेल्या विमानातही ‘अंडरकॅरेज’ हे अक्षर गाळायचे नाही. ‘पक्की आहेत’ असे उत्तर देऊन पुढे जायचे. पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. पण ती सवय आजच्या विमानासाठी नसतेच, उद्याच्या विमानासाठी असते.

सूत्रांची दुसरी जात

काही सूत्रे काय करायचे याची यादी देत नाहीत, हिशोब कोणत्या दिशेने करायचा ते सांगतात. इंग्लंडमध्ये होकायंत्राचे गणित शिकवताना ‘कॅडबरीज डेअरी मिल्क व्हेरी टेस्टी’ असे वाक्य पाठ करवतात. कंपास, डेव्हिएशन, मॅग्नेटिक, व्हेरिएशन, ट्रू हा त्यातला क्रम. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे नव्हे, चुंबकीय उत्तरेकडे वळते. या दोन्हींतला फरक पश्चिमेकडे असेल तर खऱ्या दिशेत मिळवायचा, पूर्वेकडे असेल तर वजा करायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये हा फरक सुमारे १० अंश पश्चिमेकडे होता. पूर्वेला, म्हणजे ९० अंशांवर, जायचे असेल तर होकायंत्रावर १०० अंश धरायचे. चुकून वजा केले तर ८० येतात, म्हणजे एकूण २० अंशांची चूक. वैमानिकांचा दुसरा ठोकताळा असा, की एक अंश चुकले तर साठ मैलांवर एक मैल बाजूला जातो. त्या हिशोबाने साठ मैलांनंतर विमान वीस मैल भलतीकडे असते. रात्री, समुद्रावर, इंधन संपत आलेले असताना वीस मैल म्हणजे मरण. आपल्या भागात हा फरक फारच थोडा, अंशभराच्या आतबाहेर असतो, म्हणून आपल्याकडे हे सूत्र तितके जीवघेणे ठरत नाही.

उंचीमापकाचेही असेच. ‘दाब जास्तीकडून कमीकडे, खाली बघा गड्यांनो’ अशा अर्थाचे एक इंग्रजी यमक शिकाऊ वैमानिकांना घोकायला लावतात. उंचीमापक खरे तर हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची दाखवतो. जास्त दाबाच्या प्रदेशातून कमी दाबाच्या प्रदेशात गेलात आणि काटा नव्या दाबाला जुळवून घेतला नाही, तर घड्याळ खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवते. दाबातल्या एका हेक्टोपास्कलला सुमारे तीस फूट हा ढोबळ हिशोब. दहा हेक्टोपास्कलची चूक म्हणजे तीनशे फूट. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झालेला उजळाईवाडीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळपास २००० फुटांवर आहे, आणि आमचा जोतिबाचा डोंगर सुमारे ३१०० फुटांवर. श्रावणात ढग डोंगरावर टेकलेले असतात तेव्हा दुकानाच्या दारातून समोरचे झाडही दिसत नाही. अशा वेळी तीनशे फुटांचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

या सूत्रांना सीमाही असतात. विमानाने पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे जाताना वेग वाढवला की होकायंत्र उत्तरेकडे वळल्याचा भास देते आणि वेग कमी केला की दक्षिणेकडे. त्याचेही चार अक्षरांचे सूत्र आहे. पण दक्षिण गोलार्धात ते उलटे होते, आणि चुंबकीय विषुववृत्ताजवळ हा दोष फारसा जाणवत नाही. ते विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. इंग्लंडमध्ये पाठ केलेले सूत्र ऑस्ट्रेलियात डोळे झाकून वापरणारा फसणार. सूत्र कुठे लागू आहे हे समजण्यासाठी त्यामागचे कारण माहीत असावे लागते. त्या मुलाच्या सरांचे म्हणणे इथे खरे ठरते.

मेंदूत काय घडते?

१९५६ मध्ये जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रसिद्ध निबंध लिहिला. माणसाला एका वेळी साधारण सात, दोन कमी किंवा दोन जास्त, इतक्याच गोष्टी मनात धरता येतात असे त्याने मांडले. पुढच्या संशोधकांनी तर हा आकडा चारच्या आसपास आणला. भीती आणि घाई असताना तो आणखी घसरतो. सहा सुट्या गोष्टी मनात धरणे कठीण, पण ‘बंफ’ ही एकच गोष्ट आहे. ती खेचली की मागून सहा येतात, विहिरीतल्या पोहऱ्याच्या दोरीसारख्या.

दुसरे असे की, शब्दात एखादे अक्षर राहिले तर जिभेला ते खटकते. ‘तानाहिनिपाजा’ म्हणून पाहा. कुठेतरी अडखळल्यासारखे होते ना? राहून गेलेली कृती आपल्याला दिसत नाही, कारण जे केलेच नाही ते दिसणार कसे? पण राहून गेलेले अक्षर ऐकू येते. न दिसणाऱ्या चुकीला ऐकू येणारी करणे, हे या सूत्रांचे खरे काम आहे.

सूत्र फसते कधी?

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी यात्रेच्या आदल्या संध्याकाळी एका मंडपाच्या जनरेटरची जबाबदारी माझ्यावर होती. वर्षानुवर्षे तेच काम. मी नेहमीसारखा पुटपुटत फिरलो, पाणी बघितलं, डिझेल बघितलं, अर्थिंग बघितलं. मध्येच कोणीतरी हाक मारली, दोन शब्द बोललो आणि पुढे निघालो. अर्थिंगची तार सुटलेली होती. मी ‘बघितलं’ म्हणालो होतो, पण बघितले नव्हते. हाताखालच्या मुलाला धक्का बसून तो फेकला गेला. देवाच्या कृपेने वाचला. त्या रात्री बाहेर ‘चांगभलं’चा गजर चालला होता आणि मी दवाखान्याच्या बाकावर बसून होतो. चूक सर्वस्वी माझी होती.

वाचू लागलो तेव्हा समजले की ही चूक जगभर ओळखीची आहे. १६ ऑगस्ट १९८७ रोजी अमेरिकेत डेट्रॉइट येथे नॉर्थवेस्ट कंपनीचे २५५ क्रमांकाचे प्रवासी विमान उडताच कोसळले. १५६ माणसे गेली, विमानातली चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली. पंखांचे फ्लॅप आणि स्लॅट बाहेर काढलेलेच नव्हते. त्यासाठीची यादी वैमानिकांकडे होती, पण ती म्हटली गेली नाही. धोक्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणेलाही वीज मिळत नव्हती.

यावर वैमानिकांनी काढलेले उपाय साधे आहेत. एक, मध्ये व्यत्यय आला तर पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात करायची. दोन, अक्षर उच्चारताना त्या वस्तूला हात लावायचा किंवा तिच्याकडे बोट दाखवायचे. जपानच्या रेल्वेत चालक रिकाम्या केबिनमध्येही सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने बोलतो, ते याचसाठी. तीन, दोघे असतील तर एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने पाहूनच उत्तर द्यायचे.

ही शिस्त विमानातून रुग्णालयातही गेली, आणि तिथेही एक मराठी धागा आहे. डॉ. अतुल गावंडे अमेरिकेत ओहायो राज्यातच वाढले. त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. शस्त्रक्रियेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या १९ कलमी यादीच्या कामाचे नेतृत्व त्यांनी केले. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर. त्या यादीत रुग्णाचे नाव विचारा, कोणत्या बाजूची शस्त्रक्रिया ते तपासा, अशाच गोष्टी होत्या. डॉक्टरला माहीत नाही असे त्यात एकही कलम नव्हते.

त्या मुलाला उत्तर

मग खरे काय, पाठांतर की समज? माझे उत्तर आता असे आहे. समज शांतपणी कमवायची आणि पाठांतर घाईच्या वेळेसाठी राखून ठेवायचे. कारण माहीत नसलेले सूत्र ऑस्ट्रेलियात फसवते, आणि सूत्र नसलेले ज्ञान राइट फील्डवर फसले. दोन्ही असूनही डोळे नसतील तर माझ्या जनरेटरसारखे होते.

आता आमच्या मंडपाच्या जनरेटरसाठी मी एक सूत्र केले आहे : ‘पाडतेअलो’. पाणी, डिझेल, तेल, अर्थिंग, लोड. अर्थिंग लोडच्या आधी, हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. पोरे त्याचे ‘पाडते, आलो!’ करून हसतात. हसू द्या, हसले म्हणजे लक्षात राहिले. नियम एकच, हात लावल्याशिवाय अक्षर तोंडातून काढायचे नाही. मध्ये कोणी हाक मारली तर ‘पा’पासून पुन्हा.

धक्का बसलेला तो मुलगा आजही माझ्याकडेच काम करतो. गेल्या चैत्रात मी चौथे अक्षर म्हणालो तेव्हा त्याने मला थांबवले आणि म्हणाला, “मालक, हात कुठं हाय तुमचा?” मी वाकून तारेला हात लावला, आणि मग पुढचे अक्षर म्हटले.